कृतज्ञतेला पंचांग कोणाचे?

मार्गशीर्ष लागला की महाराष्ट्रातील घराघरांतून गुरुवारचे घट बसतात. चौरंगावर कलश, कलशात पाच प्रकारची पत्री, वर नारळ, भोवती फळे मांडली जातात आणि सायंकाळी महालक्ष्मीची कहाणी वाचून सुवासिनींची ओटी भरली जाते. याच सुमारास, कधी ऐन मार्गशीर्षात तर कधी त्याच्या उंबरठ्यावर, अमेरिकेत आणखी एक गुरुवार पाळला जातो. नोव्हेंबर महिन्याचा चौथा गुरुवार तेथे राष्ट्रीय सुटीचा असतो. त्याचे नाव थँक्सगिव्हिंग, म्हणजे आभार मानण्याचा दिवस. दूरदूरची माणसे त्या दिवशी आपापल्या घरी परततात, मोठ्या मेजाभोवती बसतात, आणि वर्षभरात जे लाभले त्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करून जेवतात.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. नित्याची पूजा झाल्यावाचून तोंडात पाणी न घेणारे. त्यांची कन्या आणि जामात गेली अनेक वर्षे अमेरिकेत स्थायिक आहेत. मागे एकदा नातवाने दूरध्वनीवरून उत्साहाने सांगितले, “आजोबा, आज आम्ही सगळे मिळून देवाचे आभार मानणार आहोत!” आजोबांना आनंद झाला, पण मनात एक काटाही राहिला. दुसऱ्या दिवशी ते आम्हांस म्हणाले, “अहो, तो दिवस त्या लोकांचा. त्या दिवशी आमच्या मुलीने देवघरात समई लावली, तर ती नेमकी कोणत्या देवापुढे लागली?”

प्रश्न साधा दिसतो, पण तितका साधा नाही. तत्क्षणी आम्हांस उत्तर सुचले नाही. नंतर आठवले ते असे की, हाच प्रश्न एक अतिप्राचीन, धर्मनिष्ठ आणि शास्त्रवचनांचा काथ्याकूट करण्यात आपल्या मीमांसकांनाही मागे न सारणारा समाज गेली दोनशेहून अधिक वर्षे स्वतःस विचारीत आला आहे. तो समाज म्हणजे अमेरिकेतील यहुदी. त्यांनी दिलेली उत्तरे एकमुखी नाहीत, आणि म्हणूनच ती वाचनीय आहेत.

प्रथम हे ध्यानी घ्यावयास हवे की, कृतज्ञता ही यहुदी धर्माला कोणी बाहेरून शिकविण्याची गोष्ट नव्हे. ‘यहुदी’ हे नावच यहुदा या पूर्वजावरून आले. आणि त्यांच्या धर्मग्रंथातील कथेप्रमाणे, लेआ या मातेने चौथ्या पुत्राच्या जन्मानंतर आता मी परमेश्वराचे आभार मानीन असे म्हणून त्याचे नाव यहुदा ठेवले. धर्मनिष्ठ यहुदी पहाटे डोळे उघडताच, हात धुण्यापूर्वीच, रात्रभर ठेव म्हणून सांभाळलेला प्राण परत दिल्याबद्दल ईश्वराचे आभार मानतो. आपल्याकडील करदर्शनाची आठवण वाचकांस येथे झाल्यावाचून राहणार नाही. पाणी प्यावयाचे तर एक आशीर्वचन, फळ खावयाचे तर दुसरे, इंद्रधनुष्य दिसले तर तिसरे. दिवसाकाठी अशी शंभर आशीर्वचने उच्चारावीत असा तालमूदचा दंडक आहे.

जेरुसलेमचे मंदिर उभे होते त्या काळी आभारार्पणाचा एक स्वतंत्र विधी होता. संकटातून सुटलेल्या मनुष्याने बली अर्पण करावयाचा आणि त्याबरोबर चाळीस भाकऱ्या द्यावयाच्या. त्यांतला पुरोहितांचा वाटा वगळता उरलेले सर्व त्याच दिवशी, मध्यरात्रीपूर्वी, खाऊन संपविले पाहिजे असा नियम होता. एका कुटुंबाला एवढे अन्न कसे संपावे? भाष्यकार सांगतात, नियमाचे मर्मच ते. संपत नाही म्हणून शेजारीपाजारी, आप्त, वाटसरू यांना बोलवावे लागते. आणि बोलाविले की आपण कशातून सुटलो हे चार लोकांना सांगावे लागते. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर उद्ध्वस्त केले, विधी लोपला. परंतु चार प्रकारच्या माणसांनी जाहीर आभार मानलेच पाहिजेत हा नियम उरला. समुद्र ओलांडून आलेला, वाळवंट पार केलेला, आजारातून उठलेला आणि बंदिवासातून सुटलेला, हे ते चौघे. यांतला चौथा मनुष्य आपण ध्यानात ठेवावा. त्याची भेट पुढे आपल्याच मुंबईत व्हावयाची आहे.

त्यांच्या प्रार्थनेतील आणखी एक बारकावा आम्हांस फार हृद्य वाटतो. मुख्य प्रार्थना म्होरक्या मोठ्याने म्हणतो आणि समुदाय ‘आमेन’ म्हणून तीत सामील होतो. परंतु आभाराचे चरण आले की हे चालत नाही. तेथे प्रत्येकाने किंचित वाकून स्वतःच्या तोंडाने आभाराचे शब्द म्हणावयाचे असतात. मागणे दुसऱ्याकरवी मागता येते, पण आभार मात्र मुखत्यारपत्राने मानता येत नाहीत असा त्याचा अर्थ जुने टीकाकार लावतात.

मग ज्यांच्या धर्माच्या मुळाशीच कृतज्ञता आहे, त्यांना अमेरिकेच्या कृतज्ञतादिनाची अडचण ती काय?

अडचण समजण्यासाठी त्या दिवसाचा वृत्तांत थोडक्यात सांगावयास हवा. इंग्लंडातून धर्ममतभेदामुळे बाहेर पडलेली शंभरेक माणसे १६२० साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर प्लिमथ येथे उतरली. पहिल्या हिवाळ्यात त्यांतील जवळजवळ निम्मी दगावली. तेथील मूळच्या वांपानोआग लोकांनी त्यांना मका पेरावयास शिकविले. १६२१ च्या शरद ऋतूत पीक हाती आले तेव्हा तीन दिवस मेजवानी झाली, आणि मॅसासॉइट हा त्या लोकांचा नायक सुमारे नव्वद माणसांसह तीत बसला. पाच हरणे त्यांनीच आणली. (पुढे या यजमान-पाहुण्यांचे काय झाले ते सुखद नाही. त्याच मॅसासॉइटचा पुत्र १६७६ मध्ये वसाहतवाल्यांशी झालेल्या युद्धात मारला गेला. आणि १९७० पासून मूळ रहिवाशांचे वंशज हाच दिवस प्लिमथ येथे शोकदिन म्हणून पाळीत आले आहेत. ज्यांच्या मेजावर आपण बसलो त्यांचे ऋण फेडण्यात आपण कोठे कमी पडलो, हा विचार तेथील सुबुद्ध लोकही आता करतात.) त्या मेजवानीत यहुदींच्या मांडवसणाचे, म्हणजे सुक्कोतचे, अनुकरण होते असे पुष्कळदा लिहिले जाते, पण प्रत्यक्षदर्शीच्या तत्कालीन पत्रात त्याचा मागमूस नाही. सुगीनंतर देवाला आठवावे हे माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. आपण नवान्न करतो, वर्षभर राबलेल्या बैलालाही पोळ्याला पुरणपोळी घालतो, ते काय कोणाचे पाहून?

अमेरिकन राज्य स्थापन झाल्यावर पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी २६ नोव्हेंबर १७८९, गुरुवार, हा दिवस राष्ट्रीय आभाराचा म्हणून घोषित केला. घोषणापत्रात त्यांनी परमेश्वराचा उल्लेख राष्ट्रांचा स्वामी आणि नियंता अशा शब्दांनी केला. ख्रिस्ताचे नाव घातले नाही. त्या एका शब्दाच्या अनुपस्थितीने केवढे दार उघडले पाहा. न्यूयॉर्कमधील शिअरिथ इस्रायल या यहुदी सभेत त्याच दिवशी गेर्शोम मेंडेस सेशास नामक धर्मसेवकाने आभाराचे प्रवचन केले. ही सभा कोणाची? ब्राझीलमधून परागंदा होऊन १६५४ साली तेथे आलेल्या तेवीस यहुदींपासून सुरू झालेली. तेथल्या डच गव्हर्नराला त्या निराश्रितांना हाकलून द्यावयाचे होते, परंतु त्याच्या वरिष्ठांनी ते होऊ दिले नाही. स्वतः सेशास यांनीही १७७६ मध्ये इंग्रज फौज चालून येत असता आपले धर्मग्रंथाचे गुंडाळे सोबत घेऊन शहर सोडले होते आणि युद्ध संपल्यावरच ते परतले होते. अशा माणसाने अशा सभेपुढे सांगितले की, या राज्याच्या प्रत्येक लाभात आपण समान वाटेकरी झालो आहोत, तर त्याचे आभार मानणे आणि त्याचे हित चिंतणे हे आपले कर्तव्य होय. शतकानुशतके ज्यांस कोणत्याही राज्याने समान वाटेकरी म्हटले नव्हते त्यांच्या मुखी हे वाक्य आले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. त्या सभेत थँक्सगिव्हिंगच्या सकाळी आभाराची स्तोत्रे म्हणण्याची प्रथा आजही आहे.

परंतु दार उघडते तसे लागतेही. १८४४ मध्ये दक्षिण कॅरोलायना राज्याचे राज्यपाल जेम्स हॅमंड यांनी आपल्या राज्यापुरता आभारदिन जाहीर केला आणि प्रजाजनांनी जगत्कर्त्याबरोबरच त्याचा पुत्र, जगाचा तारणहार येशू ख्रिस्त यासही प्रार्थना अर्पावी असे लिहिले. चार्ल्सटन हे त्या राज्यातील बंदराचे शहर. तेथे यहुदींची जुनी व प्रतिष्ठित वस्ती होती. त्या दिवशी त्यांच्या सिनेगॉगची दारे उघडली नाहीत. शंभराहून अधिक यहुदी नागरिकांनी सह्या करून राज्यपालांस पत्र लिहिले: आम्हीही या राज्याचे नागरिक आहोत, राज्याने घोषित केलेल्या दिवसातून आम्हांस वगळण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? राज्यपालांचे उत्तर उर्मट होते. आपण ख्रिस्ती देशात राहतो अशीच आपली समजूत आहे, असे सांगून त्यांनी दिलगिरी व्यक्त करण्याचे साफ नाकारले. त्यांच्या जागी आलेल्या राज्यपालाने मात्र पुढची घोषणा सर्वांना सामील होता येईल अशा शब्दांत केली. १८६८ मध्ये पेन्सिल्व्हेनियातही असेच घडले आणि फिलाडेल्फियाच्या रब्बींना निषेध नोंदवावा लागला.

या प्रसंगावर आम्ही मुद्दाम थांबलो. चार्ल्सटनच्या यहुदींनी आभार मानण्यास नकार दिला नव्हता. आभार मानण्याचा त्यांचा हक्क हिरावला गेला, ही त्यांची तक्रार होती. बोलावणाऱ्याने बोलावतानाच असे शब्द योजले की धर्मनिष्ठ पाहुण्याला उंबरठा ओलांडता येऊ नये. आपल्या देशात आपण बहुसंख्य आहोत. कचेरीत, कारखान्यात, सोसायटीच्या गच्चीवर आपण सत्यनारायण घालतो, वर्गणी सर्वांकडून घेतो आणि प्रसादालाही सर्वांना बोलावतो. श्रद्धेने घालतो, त्यात वावगे काही नाही. तथापि शेजारच्या मेजावर बसणाऱ्या अन्यधर्मी सहकाऱ्याने प्रसाद हाती घेऊन तो हळूच कागदात गुंडाळून ठेवला, तर त्याचा राग येण्यापूर्वी चार्ल्सटनची ती बंद दारे आठवावीत, इतकेच आम्ही म्हणू.

आता शास्त्रार्थाकडे वळू. तोरा म्हणजे यहुदींचा मूळ धर्मग्रंथ. त्यात परकीयांच्या रीतींवरून चालू नये अशी स्पष्ट आज्ञा आहे. या आज्ञेची व्याप्ती किती, यावर मध्ययुगापासून वाद चालू आहे. पंधराव्या शतकात इटलीतील योसेफ कोलोन या रब्बीपुढे प्रश्न आला की, वैद्यकी करणाऱ्या यहुदीने ख्रिस्ती वैद्यांसारखा लांब झगा घालावा काय? त्यांनी निवाडा दिला तो मूलग्राही आहे. जी रीत निरर्थक आहे, जिच्यामागे काही कारण दिसत नाही, तिच्या मुळाशी परक्या उपासनेचा अंश असण्याची शंका येते, ती टाळावी. तसेच जी निर्लज्जपणाकडे नेते तीही टाळावी. परंतु जिला समजण्याजोगे कारण आहे, जसे झग्यावरून वैद्य ओळखू येणे, ती रीत परक्यांची असली तरी निषिद्ध नव्हे. सोळाव्या शतकात क्राकोच्या मोशे इस्सेर्लेस यांनी हा निर्णय आपल्या सर्वमान्य धर्मसंहितेत घातला. अठराव्या शतकातील व्हिल्नाचे महापंडित मात्र त्याहून पुष्कळ कडक होते. जे मुळात परक्यांचे, ते कारण असले तरी परक्यांचेच, असा त्यांचा कल.

या दोन काठांमध्येच विसाव्या शतकातील अमेरिकन रब्बींचा थँक्सगिव्हिंगविषयीचा वाद वाहतो. तीन नावे येथे घेतली पाहिजेत. तिघेही पूर्व युरोपातून आलेले आणि कर्मठ परंपरेचे आधारस्तंभ.

पहिले, ब्रुकलिनच्या एका नामवंत धर्मविद्यालयाचे प्रमुख इत्सहाक हुत्नेर (१९०६–१९८०). त्यांचे मत असे की, हा दिवस आपल्या चांद्र पंचांगातला नव्हे, ख्रिस्ती कालगणनेला बांधलेला आहे. परक्या पंचांगावर वार्षिक उत्सवाची तिथी बसविणे हेच परक्यांच्या उपासनेसारखे दिसते, म्हणून तो साजरा करू नये. हे मत आपल्या वाचकांस चटकन समजेल. ज्या घरात वाढदिवससुद्धा तिथीने करतात, त्या घराला पंचांगाचे महत्त्व सांगावयास नको. पंचांग ही नुसती दिवस मोजण्याची पद्धत नसते. कशाची आठवण कोणत्या दिवशी करावयाची हे ते ठरविते, आणि जो आपल्या आठवणीचे दिवस दुसऱ्यावर सोपवितो त्याच्या आठवणीही हळूहळू दुसऱ्याच्या होत जातात. हुत्नेर यांचे भय हास्यास्पद मुळीच नाही. ज्या पिढीने युरोपात आपले लाखो धर्मबांधव भस्मसात झालेले पाहिले, तिने उरलेल्यांना विरघळू न देण्याची काळजी वाहिली, तर तिला संकुचित म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

दुसरे, बोस्टनचे योसेफ सोलोव्हाइचिक (१९०३–१९९३). तत्त्वज्ञानाचे डॉक्टर आणि तालमूदचे अद्वितीय अध्यापक. दर आठवड्यास ते न्यूयॉर्कला शिकवावयास जात. त्यांचे शिष्य सांगतात की, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी पाठ चुकत नसे. तो त्या दिवशी लवकर सुरू होई, आणि मग गुरुजी विमानाने बोस्टनला कुटुंबासमवेत भोजनास परतत. या दिवसात परधर्माचे असे काही नाही, कृतज्ञता ही कोणा एका पंथाची मालमत्ता नव्हे, असे त्यांचे मत होते. पाठ आधी आणि पंगत नंतर. यात त्यांचा सारा निर्णय आला असे आम्हांस वाटते.

तिसरे, न्यूयॉर्कचे मोशे फाइनस्टाइन (१८९५–१९८६). सोव्हिएत राजवटीत धर्मपालन अशक्य झाल्यावर १९३० च्या दशकात ते अमेरिकेत आले. त्या देशाला ते कृपेचे राज्य म्हणत. परंतु भावनेच्या भरात शास्त्र वाकविणारे ते नव्हते. या प्रश्नावर त्यांनी एकाहून अधिक वेळा लेखी निर्णय दिले आणि त्यांचा सूर सर्वत्र सारखा नाही. एके ठिकाणी श्रद्धाळूंनी जपून राहावे असेही ते सुचवितात. तरी त्यांचे मर्म असे: हा दिवस त्या लोकांच्या धर्मग्रंथात सांगितलेला सण नव्हे, म्हणून त्या दिवशी आप्तांसह जेवण्यास वा टर्की पक्षी खाण्यास मज्जाव नाही, मात्र तो दरवर्षी पाळलाच पाहिजे असे धर्मकर्तव्य म्हणून स्वतःवर लादून घेणे वर्ज्य आहे. तोरेत नसलेले व्रत आपल्या मनाने तोरेत घालू नये. कोणा वर्षी बसलात तर बसा, न बसलात तर दोष नाही.

टर्कीचा उल्लेख आला म्हणून एक विषयांतर. आपल्या शाकाहारी वाचकांनी क्षणभर क्षमा करावी. यहुदी आहारशास्त्रात पक्षी भक्ष्य ठरण्यास परंपरेची साक्ष लागते, आणि हा पक्षी तर अमेरिकेतला. त्याची जुनी परंपरा येणार कोठून? काही घराणी या कारणास्तव तो आजही खात नाहीत. बहुसंख्यांनी तो स्वीकारला. गंमत अशी की हिब्रू भाषेत या पक्ष्यास ‘तर्नगोल होदू’, म्हणजे हिंदुस्थानचा कोंबडा, म्हणतात. कोलंबसाची चूक हिब्रूनेही पोटात घातली. आणि ‘होदू’ या शब्दाचा हिब्रूत दुसरा अर्थ आहे ‘आभार माना’. त्यांची कितीतरी आभारस्तोत्रे याच शब्दाने सुरू होतात. आपल्या देशाचे नाव आणि आभाराचा उच्चार एका प्राचीन भाषेत एकरूप व्हावेत, हा केवळ योगायोग आहे. पण आम्हांस तो मोठा गोड वाटतो.

या तीन मतांत आमचा कल कोणाकडे? आम्ही यहुदी नाही, त्यांच्या शास्त्रात निर्णय देण्याचा आमचा अधिकार नाही. तरी त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नास उत्तर द्यावयाचे असल्याने सांगतो. हुत्नेर यांचे भय आम्ही मानतो, पण पंचांगाचा मुद्दा येथे लागू पडतो असे आम्हांस वाटत नाही. ज्या दिवसाची तारीख १९३९ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नाताळच्या खरेदीला अधिक अवधी मिळावा म्हणून, व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी, आठवडाभर अलीकडे ओढली, आणि त्यावर गदारोळ झाल्याने १९४१ मध्ये काँग्रेसने कायदा करून जी चौथ्या गुरुवारी पक्की केली, ती तिथी कोणत्या देवाची? धर्माची तिथी अशी दुकानदारांसाठी हलत नाही. १८६३ साली, यादवी युद्ध चालू असता, अध्यक्ष लिंकन यांनी हा दिवस सर्व राष्ट्राचा म्हणून जाहीर केला. तेव्हापासून तो राज्याचा दिवस आहे, चर्चचा नव्हे. राज्याने रक्षण केले, पोट भरले, मुलांना शिकविले, तर त्या राज्याच्या दिवशी शेजाऱ्यांसह दोन घास खाण्यात स्वधर्म बुडत नाही.

तथापि फाइनस्टाइन यांनी आखलेली रेषा आम्हांस अत्यावश्यक वाटते. शेजाऱ्याच्या आनंदात बसणे निराळे आणि त्या आनंदाला आपल्या देवघरात नित्याचे व्रत म्हणून स्थापन करणे निराळे. ज्या घरी नवान्न होत नाही, श्राद्धपक्ष होत नाही, पोळ्याला मातीचा बैलही पूजला जात नाही, पण थँक्सगिव्हिंगचे ताट मात्र चुकत नाही, त्या घराविषयी हुत्नेर यांचे भय खरे ठरले आहे असेच म्हणावे लागेल. सोलोव्हाइचिक पंगतीला निर्भयपणे बसले, कारण त्यांच्या घरी रोजची शंभर आशीर्वचने चालू होती.

आणि हे सर्व पाहण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्या कोकणात, अलिबागच्या आसपास, बेने इस्रायल समाज शतकानुशतके नांदला. नौगावनजीक जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण आलो अशी त्यांची परंपरा. तेल गाळण्याचा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांच्या घरची बोली मराठी. त्यांच्या सणांची नावे तरी पाहा: वर्षारंभाचा तो नव्याचा सण, प्रायश्चित्ताच्या उपवासाचा तो दारफाळणीचा सण, फाल्गुनाच्या सुमारास येणारा पुरीम तो होळीचा सण, आणि मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो बिरड्याचा सण. नावे शेजाऱ्यांची, स्वयंपाकघर शेजाऱ्यांचे, पण तिथी, देव आणि शब्बाथ मात्र स्वतःचे. परक्या सणाला आपले करणे आणि आपल्या सणाला शेजाऱ्याच्या बोलीत हाक मारणे यांतला फरक या साध्या तेल्यांना कोणा महापंडिताने सांगावा लागला नाही. शेजाऱ्यांनी छळ केल्याची आठवण त्यांच्या परंपरेत नाही, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस भूषणावह आहे.

त्यांचा आभाराचा विधीही आपला वाटावा असा आहे. त्याला मलिदा म्हणतात. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे असे ताट मांडून एलिया या प्रेषिताच्या नावाने स्तोत्रे म्हणावयाची. लग्न ठरले, मूल झाले, दुखणे सरले, नवस फेडावयाचा झाला की मलिदा होतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाचा रथ येऊन गेल्याची खूण खडकावर आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. नवस फेडावयास लोक तेथवर जातात. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. पोह्यांचा मलिदा त्यांनी सोबत नेला.

आम्ही त्या वृद्ध गृहस्थांना हे सारे सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे समई आपल्याच देवापुढे लागली म्हणायची.” आम्ही म्हटले, इतर दिवशी लागत असेल, तर त्या दिवशीही आपल्याच देवापुढे लागली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. कन्येस विचारून पाहतो, म्हणाले.

मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितलेला चौथा मनुष्य राहिला. समाजी हसाजी दिवेकर, धर्मनाम सॅम्युएल इझीकेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील हा बेने इस्रायल शिपाई टिपू सुलतानाच्या कैदेत पडला. परंपरा सांगते की, सुलतानाच्या मातेने या जातीविषयी आपल्या ग्रंथात वाचले असल्याने रदबदली केली आणि त्याचे प्राण वाचले. सुटलो तर देवाचे घर बांधीन असा त्याने नवस केला होता. १७९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात त्याने तो फेडला. शाआर हारहमीम, दयेचे द्वार, असे त्या सिनेगॉगचे नाव. पुढे १८६० मध्ये ते नव्या जागी बांधले गेले. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि शेजारच्या मस्जिद स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. ज्या रस्त्यावर ते आहे त्यास सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्याचेच. भुईमुगाच्या आणि सुक्या मेव्याच्या घाऊक पेढ्यांच्या गर्दीतून वाट काढीत गेले की ते द्वार लागते.